स्मरणिकेसाठी मजकूर

निनाददादा म्हणाला, तीनशे शब्द पुरेत.
डावीकडं आजोबांचा फोटो येईल, उजवीकडं चिलिंग प्लँट.
सुरुवात कर, 'एका म्हशीपासून'.

सुरुवात म्हशीपासून नव्हती.
म्हसवडच्या पेठेत, गळक्या पत्र्याखाली
बाभळीचा एक ओंडका होता,
त्यावर गेनबा कोथमिरे सत्तूर चालवायचे.
ओंडका मधोमध इतका झिजला होता
की धुतल्यावर त्यात पाणी साचायचं
आणि दुपारी चिमण्या यायच्या.

मग श्रावण यायचा.
सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी तर वर्षभर होत्याच,
हौसाआजी बंद दिवसांच्या रेघा
कोळशानं चुलीमागं ओढायची.
श्रावणात भिंत पुरायची नाही.
अशाच एका श्रावणात, बाजारातून आणलेल्या खांडातली
एक व्यालेली शेळी तिनं बाजूला बांधली.
म्हणाली, "हिला ऱ्हाऊ द्या.
हिचं त्वांड चालतंय तवर आपलंबी चालंल."

कंपनीचं पहिलं दूध शेळीचं. अर्धा शेर.
घेतलं इलाही आतारानं, चहाच्या गाड्यासाठी,
आणि कुणाचं ते गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

म्हैस आली ती कातड्यांच्या पैशातून.
पेठेतल्या घरांना आमची किटली चालत नव्हती,
उंबऱ्याबाहेरून "आज नको" यायचं, रोज.
मग आजोबांनी सायकलला दोन कॅन बांधले
आणि दहिवडीच्या शीतकेंद्राचा रस्ता धरला.
टँकरमध्ये पडलं की दुधाला आडनाव राहत नाही.
पुढं ते पिशवीत बसून त्याच उंबऱ्यांवर आलं,
पहाटे, कडीला अडकवलेलं.
आजी पेठेतून जाताना त्या पिशव्या मोजायची,
कुणाला काही म्हणायची नाही.

बहात्तर साल. दादा म्हणतो, इथं छावणीचं लिही.
लिहिते. छावणी चालवली, ऊसाचं वाडं लांबून आणलं,
लोकांची जनावरं जगवली.
वहीत तेवढंच नाही.
छावणीतून जी उठली नाहीत
त्यांची कातडी मिरजेला गेली, नगास चार रुपये.
दोन्ही खरं आहे,
दोन्ही त्याच शाईत, आजोबांच्या त्याच पायमोड्या अक्षरात.

त्याच वहीत एक रकाना आहे, 'भाकड'.
म्हैस आटली की तारीख.
तारखेपुढं एक उभी रेघ, बाकी काही नाही.
फॅट काढताना ॲसिडनं भाजलेली बोटं
मोठे काका सगळ्यांना दाखवायचे;
त्या रेघेविषयी विचारलं की
लॅक्टोमीटर उजेडात धरायचे.

एकोणनव्वदला पाटी रंगवली.
'मटण' गेलं, 'श्री' आलं,
आणि कोपऱ्यात एक गाय आली.
आमच्याकडं गाय कधीच नव्हती.
ओंडका वडिलांच्या वाट्याला आला, प्लँट काकांच्या.
वडील शेवटपर्यंत पेठेत फळी लावायचे
आणि घरचं दूध कंपनीकडून पावती करून घ्यायचे,
सख्ख्या भावाच्या सहीची पावती.
त्या सगळ्या तारेला ओवलेल्या आहेत, माझ्याकडं आहेत.

आता दादा नवा विभाग काढतोय.
गोठवलेलं, पांढऱ्या ट्रेमध्ये, वर पारदर्शक कागद.
म्हणतो, लोकांना प्रोटीन हवंय,
आपल्या घराण्यात हे पहिल्यांदाच.
मी त्याला बघितलं. तो गंमत करत नव्हता.

रात्री मजकूर पाठवला.
तीनशे शब्द, पहिली ओळ: 'एका श्रावणापासून'.
त्याचा लगेच मेसेज आला:
श्रावण छान आहे, सणाचं वाटतं.
शेळीचा फोटो मिळेल का?

शेळीचा फोटो नाही, दादा.
शेळीचं पुढं काय झालं तेही आजीनं सांगितलं नाही.
एवढंच सांगायची,
की गणपती बुडाले
आणि दुसऱ्या दिवशी फळी उघडली.